पाच ते आठ सगळं बंद

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग सवयीनं, आणि निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात म्हटलं तेव्हा ती पदवीच होऊन बसली. वय सदुसष्ट. अहो-जाहो करण्याचंच हे वय. पण ही हकिगत ऐकून झाल्यावर ज्याला करावंसं वाटेल त्यानं खुशाल करावं.

किनाऱ्यावरच्या बिनतारी केंद्रात त्यानं छत्तीस वर्षं ऐकण्याची नोकरी केली. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल, समोर कागद, आणि बोटींकडून येणारी टकटक उतरवून घ्यायची. दहा जण एकाच वेळी बडवत असले तरी कोणता हात कुणाचा हे त्याला कळे. "हा आज प्यायलाय," असं तो नुसत्या टकटकीवरून सांगे, आणि तीन दिवसांनी बोट धक्क्याला लागली की ते खरं निघे. एकदा वादळात बाकीच्या दोघांनी 'नुसती खरखर आहे' म्हणून हेडफोन काढून ठेवले होते. यानं त्याच खरखरीतून एका बुडत्या बोटीची हाक वेचून काढली. अकरा माणसं वाचली. त्याबद्दल मिळालेलं पत्र त्यानं काचेत घालून भिंतीला लावलं. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या पत्रातूनच निघालं. आपला कान चुकत नाही हे एकदा डोक्यात पक्कं बसलं, की माणसाला दुसऱ्या कुणाचं ऐकायची गरज वाटेनाशी होते.

निवृत्त झाल्यावर तो आणि त्याची बायको शहरात चौथ्या मजल्यावर राहायला आले. त्यानं हौसेनं रेडिओ लावला आणि पाच मिनिटांत बंद केला. लिफ्ट, खालच्या दुकानाच्या दिव्यांच्या पट्ट्या, शेजाऱ्यांचे चार्जर, जिन्यातले कॅमेरे, प्रत्येक वस्तू हवेत काहीतरी कुरकुरत असते. माणसाला ते ऐकू येत नाही, रेडिओला येतं. कानसेनचा छंद तर दूरच्या, मरतुकड्या आवाजाच्या स्टेशनांचा. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी एकटा बसून टकटक करतोय, ती पकडायची, तारीख-वेळ टिपून त्याला पत्र धाडायचं, आणि 'होय, तुम्ही ऐकलंत तो मीच' असं त्याचं कार्ड आलं की भिंतीला लावायचं. त्या घोंघाटात कसली येतात मरतुकडी स्टेशनं.

मग त्याला वडिलांचं घर आठवलं. गावापासून लांब, उघड्या खडकाळ उतारावर, आजूबाजूला चिटपाखरू नाही असं. वडिलांनी ते त्याच्या नावावर करून ठेवलं होतं. तिथं म्हातारी आई राहायची, आणि नवरा वारल्यावर परत आलेली धाकटी बहीण. कानसेननं माळ्यावर रिसीव्हर बसवला, शेजारी एक छोटा कॉम्प्युटर, छपरापासून खडकावरच्या खांबापर्यंत तांब्याच्या तारेची एरियल, आणि नेटचं कनेक्शन. आता इथं फ्लॅटमध्ये त्यानं लॅपटॉपवर माउस फिरवला की तिथं माळ्यावर स्टेशन बदले. सव्वातीनशे किलोमीटरवरच्या हवेतला आवाज अर्ध्या सेकंदानं त्याच्या कानात येई.

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच की," बायको म्हणाली.

तो हसला नाही. शेळ्या हाकायचं तोवर त्याच्या मनातही नव्हतं. ते पहिल्याच संध्याकाळी आलं.

पहिल्याच संध्याकाळी, सहाच्या सुमाराला, कानात एकदम गुरगुर सुरू झाली. त्यानं फोन लावला.

"धाकटे, घरात काय चालू केलंस?"

"काही नाही दादा. मिक्सर. आईला दात नाहीत ना, तिचं जेवण बारीक करते."

"बंद कर."

गुरगुर थांबली. कानसेनला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, फारच बरं वाटलं. आपण इथून बोलतो आणि तिथला आवाज विझतो, यातली गोडी एकदा लागली की सुटत नाही. महिन्याभरात त्यानं नियम केला: पाच ते आठ सगळं बंद. मिक्सर बंद, मोबाइलचा चार्जर बंद, टीव्ही बंद, पांढरे दिवे बंद. जुना पिवळा बल्ब एक चालेल. पंखा चालेल, पण रेग्युलेटर काढून, म्हणजे फुल्ल नाहीतर बंद. आई थंडीत पंखा नको म्हणायची आणि उन्हाळ्यात फुल्ल सोसायची नाही. तिच्यासाठी मग दोन्ही ऋतूंत बंदच.

कुठली वस्तू कुठल्या आवाजात बोलते याची त्यानं वहीच केली. फ्रिजची मोटर सुरू होताना एकदा ठसकते. चार्जर घोड्याच्या टापांसारखा. आईच्या खोलीतला पांढरा दिवा माशीसारखा. "आत्ता फ्रिज कुणी उघडला?" असा फोन आला की धाकटी चकित होई. पुढं तिचं चकित होणं संपलं. ती "हो दादा" म्हणे आणि वस्तू बंद करे. भिंतीला कान असतात म्हणतात. तिच्या घरात भिंतीपेक्षा कानच जास्त झाले होते.

ती शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, हॉटेलांचे पडदे, मिळेल ते. मागच्या खोलीत तिचं मोटर बसवलेलं शिलाई मशीन होतं. त्या खोलीतला सॉकेट जुना, आतून सैल झालेला. पिन खोचून मशीन चालवलं की आत बारीक ठिणग्या उडत, आणि रेडिओवर तेलात पाणी पडल्यासारखी चरचर येई. त्या चरचरीवरून धाकटी शिवतेय हे कानसेन डोळे मिटून सांगे.

"दादा, तो सॉकेट बदलून घेऊ का?" तिनं एकदा विचारलं. "हाताला झिणझिण्या येतात."

"राहू दे तसाच," कानसेन म्हणाला.

त्याचं कारण उघड होतं. सॉकेट चांगला झाला तर ती चोरून शिवेल आणि कळणार नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधतात म्हणे. यानं शेळीच्या गळ्यातली घंटा काढू दिली नाही. पाच ते आठ धाकटी पिवळ्या बल्बखाली हातानं काज-बटणं करत बसे. तिचे डोळे त्यातच अधू झाले, पण तो हिशेब कानसेनच्या वहीत नव्हता.

आईचं निराळंच होतं. रेडिओ म्हणजे काय हे तिला नवऱ्यानं, मुलानं, मुलीनं समजावून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. तिनं आपल्यापुरतं ठरवलं होतं की माळ्यावरच्या पेटीतून मुलगा रोज पाचला घरी येतो. पाच वाजले की ती म्हणे, "दिवा घालव गं, दादा आला," आणि खाटेवर नीट बसून केस सारखे करी. मग वर माळ्याकडे बघून हळूच विचारी, "जेवलास का रे? बायकोचं गुडघ्याचं कसंय?" उत्तर येत नसे, पण मुलगा मुळातच अबोल, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटत नसे. आठ वाजले की ती पाय पसरून आडवी होई. "गेला हो," म्हणे.

धाकटीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा कानसेन पोट धरून हसला.

"अगं, सांग तिला, त्या पेटीत माईक नाही. ती ऐकते ते आकाशातलं. घरातलं कुणाचं बोलणं नाही ऐकत."

"सांगितलं. ती म्हणते, मिक्सर ऐकू येतो तर मी कशी नाही येणार."

यावर खरं तर थोडं थांबायला हवं होतं. कानसेन थांबला नाही. हा किस्सा त्यानं ओळखीपाळखीत चार ठिकाणी सांगितला आणि चारही ठिकाणी लोक हसले.

पुढच्या वर्षी एकदा शाळेचे कपडे दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते आणि धाकटीनं साडेसातला मशीन लावलं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, तिला वाटलं. कानसेनच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडला मात्र नाही. तो ओरडणाऱ्यातला नव्हताच. त्यानं त्या गावातला वायरमन गाठला आणि घराच्या मेन स्विचवर नेटवरून चालणारा एक स्विच बसवून घेतला. रिसीव्हर, कॉम्प्युटर आणि नेटची पेटी बॅटरीवर; बाकी सगळं घर या स्विचवर. तो स्विच माळ्यावर कुलूपबंद डब्यात, किल्ली कानसेनकडे.

"तुमच्याच भल्यासाठी," तो धाकटीला म्हणाला. "सैल सॉकेट आहे. उद्या आग लागली तर इथून बंद करता येईल."

सैल सॉकेट कुणी ठेवायला लावला होता हे दोघांनाही ठाऊक होतं. धाकटी "हो दादा" म्हणाली. घर त्याच्या नावावर होतं आणि ते तो बोलून दाखवत नसे. त्यानं न बोलताच ते रोज घरभर ऐकू येई.

त्या हिवाळ्यात आईच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरनं सांगितलं, ऑक्सिजनचं मशीन घरी आणा. विजेवर चालतं, हवेतला प्राणवायू काढून नळीनं नाकात सोडतं. दिवसाचे निदान सोळा तास लावा. धाकटीनं दादाला कळवलं. दादानं सगळ्यात आधी विचारलं, "आवाज किती करतं?"

मशीन आलं. आईच्या खोलीत लावलं. कानसेननं एका दुपारी मुद्दाम ऐकून त्याचा नमुना टिपून ठेवला: खाली एकसारखी घरघर, आणि दर सात सेकंदांनी एक ठोका, मग सुस्कारा. ठोका, सुस्कारा. बऱ्यापैकी त्रासदायक. मग त्यानं फोनवर गणित मांडलं.

"डॉक्टर काय म्हणाले, सोळा तास ना? दिवस चोवीस तासांचा. पाच ते आठ काढ. एकवीस उरले. पाच तास जास्तच मिळतात की तिला."

"दादा, सोळा म्हणजे सलग लागतात असं नाही, पण कधी लागतील ते काय सांगून..."

"एकवीस तास, धाकटे."

गणित बिनचूक होतं. गणिताला कुणी काही म्हणू शकत नाही. धाकटी रोज पाचला आईच्या नाकातली नळी काढी, आणि आई केस सारखे करून बसे. दम लागे, पण दादा आलेला असे.

आता कानसेनच्या बेटाबद्दल. जगाच्या पार तळाशी, महासागरात, हवामान मोजणाऱ्यांचं एक बेट आहे. तिथं वर्षातून एकदा एक हौशी ऑपरेटर पंधरा दिवस राहतो आणि टकटक करतो. त्याचा आवाज इथवर यायचा तर एकच फट: इथं सूर्य मावळत असतो तेव्हाची पंधरा-वीस मिनिटं. तीही रोज नाही. कानसेनच्या भिंतीवर दोनशे बारा कार्डं होती आणि मधोमध एक जागा त्यानं सात वर्षं मोकळी ठेवली होती. सात वर्षं बेटानं त्याला हुलकावणी दिली होती. त्या वर्षीचा पंधरवडा सुरू झाला, आणि तेरा दिवस काही आलं नाही.

चौदाव्या दिवशी तो पावणेपाचलाच बसला. पाचला घर शांत झालं. एकेक आवाज विझत गेलेला त्यानं ऐकला आणि वहीत खुणा केल्या. पाच पस्तीसला त्याचा फोन थरथरला. पडद्यावर 'धाकटी'. पाच ते आठ फोन करायचा नाही हाही नियमच होता. त्यानं उचलला नाही.

पाच चव्वेचाळीसला खूप खोलवरून काहीतरी आलं. एखादं अक्षर. त्यानं आवाज वाढवला, आजूबाजूचे आवाज गळावेत म्हणून पट्टा अरुंद केला, श्वास रोखला. आणि नेमक्या त्याच क्षणी कानात तेलात पाणी पडलं. चरचर. चरचर. चरचर.

"शिवतेय," तो म्हणाला. "आत्ता. या वेळी शिवतेय."

दारात बायको उभी होती. "अहो, फोन आला होता ना तिचा? विचारा तरी."

"परवानगी मागायला केला असेल. नाही उचलला तर बसली शिवायला." त्याला हे लख्ख दिसत होतं. मागची खोली, सैल सॉकेट, मशीन, मशीनवर वाकलेली धाकटी. छत्तीस वर्षं चुकला नव्हता तो कान. त्यानं तिला लिहून पाठवलं: शिवण बंद कर. लगेच. दोन मिनिटं थांबला. चार थांबला. चरचर चालूच. खाली बेट बुडत होतं आणि वर येत होतं.

पाच बावन्नला त्यानं माउस त्या स्विचवर नेला आणि घर बंद केलं.

काय शांतता झाली ती. नियमाच्या शांततेतही काहीतरी बारीकसारीक उरायचं. आज काही उरलं नाही. आणि त्या स्वच्छ शांततेत बेट आलं. हळू, थरथरत, पण अक्षर न् अक्षर. कानसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. पेन्सिल कागदावर पळत होती. शेजारी फोन थरथरत होता. त्यानं तो पालथा घातला. पुन्हा थरथरला तेव्हा गादीखाली सारला. नऊ वेळा थरथरला. बायको म्हणाली, "उचला ना हो." त्यानं बोट वर करून तिला थांबवलं. ती थांबली. कानावर हात ठेवून संसार करायची तिलाही सवय झाली होती.

सहा अकराला बेट मावळलं. कानसेननं पेन्सिल खाली ठेवली, आळोखेपिळोखे दिले आणि कार्ड मागणारं पत्र तिथंच लिहून मेलनं धाडूनही दिलं. घराची वीज आठलाच द्यायची असं त्यानं ठरवलं होतं. जरा कळू दे.

सहा पंचवीसला बायकोचा फोन वाजला. ती आतल्या खोलीत बोलली, बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. कानसेननं पुन्हा बोट वर केलं. या वेळी ती थांबली नाही.

"आई गेल्या," ती म्हणाली.

असं कळल्यावर माणसाचं पहिलं काय हलतं ते त्याच्या हातात नसतं. कानसेनचा हात माउसवर गेला आणि त्यानं घराला वीज दिली. हेडफोन कानावरच होते. अर्ध्या सेकंदानं चरचर परत आली. आता बेट नव्हतं, घाई नव्हती, राग नव्हता, आणि कान नुसता ऐकत होता. चरचरीच्या खाली एकसारखी घरघर. मग एक ठोका. मग सुस्कारा. त्यानं मनात मोजलं. सात. ठोका, सुस्कारा. सात. कुणाच्याही नाकाशी नसलेल्या नळीतून मशीन हवा सोडत होतं, आणि ज्याला ते ओळखू यायला हवं होतं त्याला आता ते अगदी स्पष्ट ओळखू आलं. तो ते बराच वेळ ऐकत बसला. शेवटी तिकडं कुणीतरी बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तो आणि बायको घरी पोहोचले. आईला निरोप देऊन लोक परतले होते. डॉक्टरच्या कागदावर वय आणि छाती अशी दोन कारणं होती, आणि दोन्ही खरी होती. कानसेन मागच्या खोलीत गेला. आईची खाट तिथं होती, शिलाई मशीन भिंतीला सरकवलेलं, आणि सैल सॉकेटमध्ये ऑक्सिजनच्या मशीनची पिन.

"इथं कशी आणलीस तिला?" त्यानं विचारलं.

"दोन दिवस झाले. थंडी सोसेना. या खोलीत ऊन येतं." धाकटी घड्या घालत होती, आईची लुगडी होती ती. "साडेपाचला दम लागला. तुला फोन केला. मग नियम मोडला. वीज गेली तेव्हा वाटलं, फोन लागला की येईल. माळ्यावर पण गेले. कुलूप होतं."

ती आवाज न चढवता बोलत होती, जणू शेजारच्या बाईला काही सांगतेय. एक लुगडं पुरं घडी करून तिनं खाटेवर ठेवलं आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"दादा, स्टेशन लागलं का?"

"हो," तो म्हणाला. तोंडातून निघून गेल्यावर त्यानं ओठ मिटले.

"बरं झालं," धाकटी म्हणाली आणि दुसरं लुगडं घेतलं.

कुलपाची किल्ली त्यानं तिच्या हातात द्यायला काढली. तिनं घेतली नाही. ती त्यानं खिडकीत ठेवली. निघताना म्हणाला, "तो सॉकेट बदलून घे आता."

दोन महिने त्यानं लॅपटॉप उघडला नाही. मग बेटाचं कार्ड आलं. समुद्रपक्ष्याचं चित्र, मागं तारीख, वेळ, आणि ऑपरेटरच्या हातचं एक वाक्य: इतक्या लांबून इतकं स्वच्छ ऐकल्याबद्दल अभिनंदन. बायकोनं ते वाचलं आणि टेबलावर उपडं ठेवलं. कानसेननं ते भिंतीवर लावलं नाही, फाडलंही नाही. मोकळी जागा मोकळीच राहिली. त्या संध्याकाळी पाचला मात्र तो हेडफोन लावून बसला. एरियल काढून टाकली असेल, नेट तोडलं असेल, असं धरूनच बसला होता.

काही काढलं नव्हतं. काही तोडलं नव्हतं. पाच वाजले आणि कानात चरचर सुरू झाली.

त्यानं स्विचवर माउस नेला, दाबला. काही झालं नाही. वायरमन बोलावून तो डबा तिनं मधून काढून टाकला होता. सॉकेट तेवढा तसाच ठेवला होता.

मोटर वेगात होती, जड होत नव्हती. कापड असलं की मोटर शिवणीवर दबते, कोपऱ्यावर अडखळते, थांबते, पुन्हा सुटते. त्याला ते सगळं पाठ होतं. हे तसं नव्हतं. हे एकसारखं, हलकं, मोकळं होतं. मशीनवर कापड नव्हतं. धाकटी रिकामं मशीन चालवत होती.

पाच बावन्नला ती थांबली.

सगळं शांत झालं. पांढरा दिवा नाही, फ्रिज नाही, काही नाही. त्यानं काटा बेटाच्या जागेवर नेला. बेटावर आता वर्षभर कुणी नव्हतं. नुसती आकाशाची सळसळ. सहा अकराला चरचर पुन्हा सुरू झाली आणि आठपर्यंत चालली.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, ती दोरा ओवायला उठली असेल. रिकाम्या मशीनला दोरा कशाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच बावन्न, पुन्हा सहा अकरा. तिसऱ्या दिवशी त्यानं जुनी वही काढली आणि चौदाव्या दिवसाचं पान उघडलं. घर बंद केल्याची वेळ तिथं त्याच्याच हातची होती. बेट मावळल्याचीही. सहा अकराला दुसरं काय मावळलं ते वहीत नव्हतं. ते धाकटीनं भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं, आणि आता ती ते त्याला रोज सांगत होती. त्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगितलेलं ऐकू येत नाही, हे तिला इतक्या वर्षांत पुरतं कळलं होतं.

याला दोन वर्षं झाली. घर अजून त्याच्या नावावर आहे. ती जागा सोड म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. दोघं फोनवर बोलत नाहीत. बायकोनं हेडफोन लपवून पाहिले, त्यानं नवे आणले. "कशाला ऐकता?" ती विचारते. तो पाचला बसतो, बावन्न मिनिटं रिकामं मशीन ऐकतो आणि वहीत लिहितो: चरचर सुरू, चरचर बंद. मग ती एकोणीस मिनिटं येतात.

त्या पेटीत माईक नाही. ती घरातलं बोलणं ऐकत नाही. हे त्याच्याइतकं पक्कं जगात कुणालाच ठाऊक नसेल. चार ठिकाणी हसून सांगितलंय त्यानं. तरी पाच बावन्न वाजले की तो पट्टा अरुंद करतो, श्वास रोखतो, आणि आवाज शेवटपर्यंत वाढवतो.